बोलताना मास्क खाली घेणाऱ्या माझ्या प्रवाशांस: एका एसटी वाहकाचं खुलं पत्र

प्रवासी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी सकाळी सहा चाळीसच्या गाडीत जे झालं ते तुमच्यापैकी निम्म्या जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेल्यांसाठी सांगतो.

डावीकडच्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी कॉलेजची एक मुलगी बसते. पासवाली आहे. मध्ये महिना-दीड महिना दिसली नव्हती. आता पुन्हा यायला लागली ती तोंडावर मास्क लावून. सोमवारी शेजारी बसलेल्या काकांनी तिला विचारलं, "कोरोना जाऊन किती वर्षं झाली, अजून कशाला गं तोंड बांधून बसलीस?" ती काही बोलली नाही. काकांनी पुन्हा विचारलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं, की टीबीची औषधं चालू आहेत, डॉक्टरांनी मास्क लावायला सांगितलाय.

काका उठले. पुढच्या बाकावरच्या दोघींनी पदर नाकाला लावला. मागून आवाज आला, "मास्तर, हिला उतरवा की!" मी मागं तिकिटं काढत होतो. पुढं येईपर्यंत ती पोरगी आपणहून उठली होती आणि सॅक छातीशी धरून दारातल्या पायरीवर उभी होती. मी तिला माझ्या जागेवर बसवलं. बाकी काही बोललो नाही. घाट लागायचा होता, सुट्ट्या पैशांची ओढाताण चालली होती, पुढच्या थांब्याच्या आत तिकिटं संपवायची होती. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि तरीही मी तिथंच बोलायला हवं होतं. त्या दिवशी राहिलेलं आज लिहून सांगतोय.

एसटीत वाहक म्हणून मला एकोणतीस वर्षं झाली. आधी टिनाच्या पेटीतली तिकिटं आणि पंच होता, आता मशीन आहे. या एवढ्या वर्षांत माणसाचं तोंड मी जितक्या जवळून पाहिलंय तितकं दाताच्या डॉक्टरनंच पाहिलं असेल. माझं कामच ते आहे. तुम्ही बसलेले असता, मी वाकून उभा असतो, तुम्ही गावाचं नाव सांगता, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून मी आणखी वाकतो. आपल्या दोघांच्या तोंडांमध्ये वीत-दीड वीत अंतर राहतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये मला मुंबईची ड्युटी लागली. लोकल अजून सगळ्यांना खुली नव्हती, सगळा भार बेस्टवर आला होता, म्हणून बेस्टच्या मदतीला एसटीच्या गाड्या दिल्या होत्या. त्या गाड्यांवर गावोगावच्या आगारांतले चालक-वाहक गेले, त्यात आम्हीही. मुंबईचे थांबे आम्हाला पाठ नव्हते. सायन, दादर टीटी, हिंदमाता, परळ, लालबाग असं मी एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद तिकीट मशीनच्या मागं चिकटवला. कमीत कमी तिकीट पाच रुपयांचं.

तिथं पहिल्या दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर शेकडो वेळा घडली, पण माझ्या लक्षात काही आली नाही. माणूस गाडीत चढायचा तेव्हा मास्क नाकावर असायचा. बसल्यावरही नाकावर. मी समोर जाऊन उभा राहिलो की त्याचा हात वर जायचा, मास्क हनुवटीखाली यायचा आणि मग तोंडातून शब्द निघायचे, "एक लालबाग." तिकीट हातात पडलं की मास्क पुन्हा वर. माणूस गप्प असताना मास्क तोंडावर, बोलायला लागला की गळ्यात.

यात मला त्रास द्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, हे मी जाणतो. उलट ते आदरानं व्हायचं. तोंड झाकून बोलणं आपल्याकडं उर्मटपणाचं वाटतं. मोठ्या माणसाशी बोलताना तोंडातलं पान-सुपारी गालात सारावी, तसा तुम्ही मास्क खाली घ्यायचात. फोन आला तरी तसंच. फोनवर पलीकडच्याला तुमचं तोंड दिसत नव्हतं, तरी हात आपोआप मास्कवर जायचा.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका सिस्टरनं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या नोकरीला होत्या, रोज सकाळी सातच्या सुमाराला सायनला चढायच्या. एकदा त्या उतरता उतरता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, एक सांगू का? तुम्ही दिवसभर मास्क लावता आणि नेमका थांब्याचं नाव ओरडताना खाली घेता. मग लावता कशाला?"

मला राग आला होता. चार माणसांत बोलल्या म्हणून. पण खरंच मी तेच करत होतो. "हिंदमाता, हिंदमाता" असं भरल्या गाडीत ओरडायचं तर आवाज मोकळा सुटायला हवा, म्हणून मी मास्क खाली ओढायचो आणि सगळ्या गाडीवर ओरडायचो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा भेटल्या तेव्हा मी विचारलं. त्यांनी दोन थांब्यांच्या अंतरात समजावलं. ऑपरेशनला उभा राहिलेला डॉक्टर मास्क लावतो तो टेबलावर उघडं पोट घेऊन पडलेल्या पेशंटसाठी. आपल्या तोंडातून बोलताना, खोकताना, हसताना, गाताना बारीक थेंब उडतात, काही इतके बारीक की हवेतच तरंगत राहतात, आणि आवाज जितका मोठा तितके ते जास्त. गप्प बसल्यावर कमी उडतात. म्हणजे एकवेळ गप्प बसलेल्यानं मास्क खाली घेतला तर चालेल, ओरडणाऱ्यानं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी एका पुठ्ठ्याच्या खोक्याचे तुकडे केले, त्यावर मार्करनं थांब्यांची नावं लिहिली आणि गाडीत थांबा आला की तो तुकडा वर धरायला लागलो. लोक सुरुवातीला बघत राहिले. नंतर शाळेतली पोरं वाचतात तशी पुढच्या बाकावरची माणसं मागच्यांना नाव सांगायला लागली.

तर मास्कला नकार म्हणजे काय, याचा विचार मी तेव्हापासून करतोय. परदेशात लोकांनी उघड नकार दिला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १९१८ च्या फ्लूच्या तापाच्या साथीत मास्कची सक्ती झाली. नोव्हेंबरात ती उठली तेव्हा लोकांनी भररस्त्यात मास्क काढून फेकले. जानेवारी १९१९ मध्ये ती पुन्हा लागू झाली, तर लोकांनी मास्कविरोधी संघच काढला, मोठी सभा घेतली, आमच्या स्वातंत्र्यावर घाला आलाय म्हणाले. पुढं १ फेब्रुवारीला नियम मागं घेतला गेला. तोच ताप आपल्या देशात त्याच वर्षी कोटीच्या वर माणसं घेऊन गेला. मुंबईत तो जूनमध्ये गोदीच्या बाजूनं शिरला आणि पावसाळा सरल्यावर दुसऱ्या लाटेनं गावंच्या गावं ओस पाडली. आमच्या गावात आजीच्या पिढीची माणसं त्या साथीचं नाव, 'मानमोडी', एवढा एकच शब्द बोलायची आणि गप्प व्हायची.

आपल्याकडं असा संघ वगैरे निघाला नाही. आपला नकार बिनआवाजाचा होता. मास्क एका कानाला लटकलेला, कोपराला अडकवलेला, शर्टाच्या खिशातून डोकावणारा. नाक बाहेर आणि तोंड आत. नवरा-बायको दोघांत एक. महिनाभर न धुतलेला, तेलकट, करडा पडलेला. "मास्तर, आम्ही रानातली माणसं, आम्हाला काय होतंय," असं म्हणणारे. गाडीत चढण्यापुरता शेजाऱ्याचा मास्क मागून घेणारे आणि चढल्यावर परत देणारे, हेही मी पाहिलंय. चालकाच्या पाठीमागं "मास्क नाही, प्रवेश नाही" अशी पाटी होती. त्या पाटीखाली बसून माणसं तोंड उघडं टाकून खोकत होती.

मास्क नीट केव्हा वर यायचा? बाहेर मार्शल दिसला की. मुंबईत तेव्हा मास्क नसला तर दोनशे रुपये दंड होता. सिग्नलला गाडी थांबली, खाली पावती पुस्तक घेतलेला माणूस दिसला, की पंचवीस-तीस हात एकदम वर जायचे. गाडी हलली की पंचवीस-तीस मास्क खाली. म्हणजे मास्क सगळ्यांच्या जवळ होते. श्वास कोंडायची जी तक्रार होती ती त्या मिनिटापुरती कुणालाच आठवत नव्हती. तो मार्शल काचेच्या पलीकडं होता, त्याला तुमच्यापासून काही होणार नव्हतं. मी काचेच्या अलीकडं होतो.

हे मला लागलंय. त्या माणसाला तुम्ही दोनशे रुपयांपायी घाबरत होता. मला किंवा शेजारी बसलेल्या म्हातारीला घाबरायचं तुम्हाला कारण नव्हतं, म्हणून आमच्यासाठी मास्क वर आला नाही.

दोष तुमचा एकट्याचा नाही. आम्हा सगळ्यांना मास्क शिकवला तोच मुळी दंडातून. पावती फाडणारा माणूस चौकात उभा केला, आणि मास्क कशासाठी हे सांगणारा माणूस उभाच केला नाही. हेल्मेटचं जे होतं तेच मास्कचं झालं. शिवाय वरची माणसं काय करत होती ते आपण टीव्हीवर पाहतच होतो. लग्नांत, सभांत, सत्काराच्या स्टेजवर मास्क गळ्यात. २०२१ च्या मराठी भाषा दिनाला, दुसरी लाट दाराशी येऊन उभी होती तेव्हा, एका मोठ्या नेत्यानं पत्रकारांना आपण मास्क घालत नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत चार पोरांनी मला तेच वाक्य ऐकवलं, त्याच तोऱ्यात. त्यांना मी काय बोलणार होतो?

आता माझ्या जोडीदाराचं सांगतो. मुंबईच्या ड्युटीवर माझ्यासोबत जो चालक होता, त्याची आणि माझी जोडी सात वर्षांची. रात्रीच्या मुक्कामाला भाकरी एकाची, भाजी दुसऱ्याची. गाडी कितीही भरलेली असो, सिंगल बेल दिली की कुठं पाय ठेवून थांबायचं हे त्याला न सांगता कळायचं. आठवडाभराची ड्युटी संपवून आम्ही गावी परत आलो. दोन दिवसांनी त्याला ताप भरला, मला वास यायचा बंद झाला. मी सतरा दिवसांनी कामावर गेलो. तो गेलाच. बावन्न वर्षांचा होता, साखरेचा त्रास होता, पण गोळी कधी चुकवायचा नाही. शेवटचं मी त्याला फोनवर ऐकलं. ऑक्सिजनच्या आवाजात तो मला विचारत होता, की लॉगशीट भरून दिलीस का.

त्याला कोरोना कुणापासून झाला हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्यापासूनही झाला असेल, मी दोन दिवस ओरडलो होतो त्याच्या मानेमागं उभा राहून. मी कुणावर खुनाचा आरोप करत नाहीये. पण "माझी मर्जी, झाला तर मला होईल" हे वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही. ते वाक्यच चुकीचं आहे. हेल्मेट घातलं नाही तर डोकं तुमचं फुटतं. मास्क खाली घेतला तर ज्याच्याशी बोलताय त्याच्या अंगावर जातं. या महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणेच १ लाख ४८ हजारांवर माणसं गेली. त्यातल्या कितीतरी जणांनी आपली सगळी काळजी घेतली होती.

तुमच्या काही शंका खऱ्या होत्या, त्या मी उडवून लावणार नाही. सुरुवातीला साध्या माणसानं मास्क लावायची गरज नाही असं सांगितलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये जाऊन म्हटलं की गर्दीत, प्रवासात सगळ्यांनीच लावा. त्याआधी एप्रिलमध्येच मुंबईत सक्ती झाली होती. एकदा नको, एकदा हवा, असं झालं की माणसाचा विश्वास उडतो. झडपेचे महागडे एन-९५ लोकांनी हौसेनं घेतले, आणि जुलैत केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, ते वापरू नका. चष्म्यावर वाफ येते. उन्हात जीव नकोसा होतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, माझ्या गाडीला असे एक आजोबा रोज होते. आणि गरिबीचं तर बोलायलाच नको. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं भाव बांधून दिले, तीन पदरी चार रुपयांना, पण ज्या बाईला पाच रुपयांचं तिकीट जड जात होतं तिनं रोज चार रुपये कुठून आणायचे? ती बिचारी पदराचा बोळा नाकाला धरून अख्खा प्रवास करायची. तिचा हात दुखायचा, पण खाली यायचा नाही. माझी तक्रार तिच्याबद्दल कधीच नव्हती.

मास्क लावला की आजार होणारच नाही, असंही कुणी म्हणू नये. साधा कापडी मास्क अर्धवटच अडवतो. पण थोडा फायदा पुष्कळ माणसांत वाटला की त्याचं काय होतं, ते आपल्या शेजारच्या बांगलादेशात मोजून पाहिलंय. २०२० च्या शेवटी आणि २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या ६०० गावांत, सव्वातीन लाखांहून जास्त माणसांमध्ये हा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, कशासाठी लावायचा ते सांगितलं, गावातल्या मशिदीच्या इमामांनी आणि पुढाऱ्यांनी स्वतः लावून दाखवला, आणि बाजारात, रस्त्यात उघड्या तोंडानं दिसलेल्याला नुसतं थांबवून आठवण केली. दंडाचं नाव नाही. मास्क नीट लावणारे शंभरात तेरा होते ते बेचाळीस झाले. एवढ्यावरच सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीच्या पुढच्या माणसांमध्ये, रक्त तपासून खात्री झालेला लक्षणांचा कोरोना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी भरला. शंभरातले निम्मेही लावत नव्हते, तरी म्हातारी माणसं वाचली. हे वाचून मी बराच वेळ बसून होतो. रस्त्यात थांबवून आठवण करणं, एवढंच तर होतं. परळच्या त्या सिस्टरनं मला तेच केलं होतं.

शिकलेल्या माणसालाही मास्क जड जातो. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिच्याकडून ऐकलेली गोष्ट. १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग सुटला. सुमारे साठ हजार माणसं गेली. वू लिएन-ते नावाचा तरुण डॉक्टर हार्बिन शहरात पोचला आणि त्यानं ओळखलं की हा रोग उंदराच्या पिसवेवाचून, श्वासातून एका माणसाकडून दुसऱ्याकडं जातोय. जाळीच्या कापडात कापूस घालून त्यानं मास्क केले आणि सगळ्यांना बांधायला लावले. तिथं मेनी नावाचे एक फ्रेंच डॉक्टर आले, वयानं आणि अनुभवानं मोठे. या पोराचं कशाला ऐकायचं, असं त्यांना वाटलं. ते मास्क न लावता प्लेगच्या रोग्यांना तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, त्याच रोगानं वारले. त्यानंतर शहरात मास्कवरून कुणी वाद घातला नाही. मला त्या मेनी डॉक्टरांचं वाईट वाटतं. ते भित्रे नव्हते, प्लेगच्या वॉर्डात शिरायला छाती लागते. पण मास्क लावणं म्हणजे त्या तरुणापुढं मान तुकवणं, अशी गाठ त्यांच्या मनात बसली असणार. माझ्या गाडीतल्या किती माणसांचं तसंच झालं. मी "मास्क वर घ्या" म्हटलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण एका कंडक्टरनं सांगितलेलं.

यापेक्षा फार मोठं काही तुम्ही सोडलेलं मी पाहिलंय, म्हणून जास्त वाटतं. २०२० च्या आषाढीला वारी चालत गेली नाही. शेकडो वर्षं पायी जाणारी माणसं घरात बसली. दशमीला माऊलींच्या पादुका आपल्या एसटीनं, फुलांनी सजवलेल्या गाडीतून, मोजक्या वीस माणसांसोबत पंढरपूरला गेल्या. आमच्या आगारात त्या दिवशी प्रत्येकाची कॉलर ताठ होती आणि डोळे ओले होते. माझी आई अठ्ठावीस वर्षांची वारकरी. तिनं त्या वर्षी अंगणातच तुळशीभोवती फेऱ्या घातल्या, आणि कुणाविरुद्ध एक शब्द काढला नाही. आपण पावसानं गेलेलं पीक बघून पुन्हा पेरणारी माणसं आहोत. वारी सोडणाऱ्या माणसाला कापडाचा एक तुकडा बोलताना नाकावर ठेवणं जमणार नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. समोरच्यासाठी करायचंय हे नीट कुणी सांगितलंच नाही, एवढंच मला वाटतं.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातली मास्कसक्ती उठली. मला आनंदच झाला. त्यानंतर कुणी मास्क लावावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण गेल्या सोमवारी पाहिलं ते वेगळंच होतं. सक्ती असताना लावत नव्हतो ते ठीक, आता कुणी आपणहून, आपल्यासाठी लावलाय, तर त्याला हसायचं आणि कारण विचारायचं. आणि कारण कळल्यावर त्यालाच गाडीतून उतरवायला सांगायचं.

त्या मुलीबद्दल तुम्हाला नीट माहिती असावी, म्हणून तिला विचारून एवढं लिहितोय. तिचे औषधाचे दोन महिने पूर्ण झालेत, चार राहिलेत. टीबीची औषधं नियमित सुरू झाली की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूपच उतरतो. डॉक्टरांनी तपासून कॉलेजला जायची परवानगी दिली आहे. तरीही ती मास्क लावते, खिडकीशी बसते आणि काच उघडी ठेवते, कारण शेजारी कुणाचं लेकरू असतं, कुणाची म्हातारी असते. कोरोनात आपण सगळ्यांनी जे करायला हवं होतं, ते ही एकोणीस वर्षांची पोर एकटी करतेय.

तुम्हाला भीती वाटली याचा मला राग नाही. टीबीची भीती वाटायलाच हवी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याच देशात आहे. फक्त भीती चुकीच्या बाकाकडं बघतेय. ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, संध्याकाळी कसकस येते, वजन उतरतंय, आणि जो अजून थुंकी तपासायला गेलेला नाही, तो धोक्याचा आहे. तो दुसऱ्यालाही आणि स्वतःलाही. असे दोन-तीन जण त्याच गाडीला रोज असतात, मला त्यांचा खोकला ओळखू येतो. मी त्यातल्या एकाला परवा उतरताना बाजूला घेऊन सांगितलं. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे, औषधं फुकट आहेत, उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात. ते म्हणाले, "मास्तर, गावात कळलं तर?" सोमवारी गाडीत काय झालं ते त्यांनीही पाहिलं होतं. चौथ्या बाकावर होते ते.

म्हणजे त्या पोरीला उठवून आपण टीबी गाडीबाहेर घालवला नाही. जो खोकतोय त्याला तोंड लपवायला शिकवलं.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. सर्दी-खोकला असताना गाडीत चढलात तर मास्क लावा, रुमाल बांधा, पदर धरा, आणि मी तिकिटाला आलो की तो खाली घेऊ नका. ऐकू आलं नाही तर मी पुन्हा विचारीन, बोटांनी आकडा दाखवलात तरी चालेल. गावाचं नाव तर मला पाठच आहे, एकोणतीस वर्षं झाली. आणि कुणी मास्क लावलेला दिसला, तर का लावलास म्हणून विचारू नका. केमोथेरपी चालू असेल, किडनी बदललेली असेल, घरात तान्हं मूल असेल. सांगायचं असेल तर तो सांगेल.

काकांना मी बुधवारी भेटलो. माणूस वाईट नाही. त्यांच्या धाकट्या भावाला टीबीनं नेलं होतं, पूर्वी कधीतरी, उपचार अर्धवट सोडल्यामुळं. ते ऐकून मला त्यांच्या उठण्याचा अर्थ वेगळा लागला. बराच वेळ ते स्टँडवरच्या बाकावर माझ्याशी बोलत होते.

ती मुलगी मंगळवारपासून माझ्याच जागेवर बसतेय. मी तिला म्हटलं, तुझी जागा तिसऱ्या बाकाची आहे, खिडकीची, तिथं बस. ती नको म्हणाली. उद्या पुन्हा सांगणार आहे. गाडी नेहमीच्याच वेळेला सुटेल, सहा चाळीसला. ती तिथं बसली, तर तिच्या शेजारची जागा रिकामी राहू देऊ नका.

आपला,
एक एसटी वाहक